मुकादमाचा वाडगा

"ताई, टेबलाखालच्या ह्या भोकाला एक झाकण बसवून घ्या," कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं फिरतं घर, ताब्यात देताना मेकॅनिक म्हणाला होता.

जुनी शेगडी काढल्यावर तिच्या पाइपाच्या जागी गाडीच्या तळाला मुठीएवढं भोक राहिलं होतं. टिल्लूच्या आईने गुडघ्यांवर बसून त्यातून डोकावून पाहिलं. खाली गॅरेजची फरशी दिसत होती.

"ह्यातून मूल पडेल?"

"मुठीएवढं आहे हो. मूल कसं पडेल?"

"गॅस गळेल?"

"गॅस पलीकडे आहे."

"साप वर येईल?"

"यायचंच ठरवलं त्याने, तर दारातून येईल की. भोकातून कशाला येतोय?"

"मग राहू द्या. आता ब्रेकचं बोला."

"राहू देतो. पण भोक असलं ना ताई, की कुणीतरी त्याचा उपयोग शोधून काढतंच," मेकॅनिक पुटपुटला. पण तोवर तिने वहीचं पान उलटलं होतं. वहीत त्रेचाळीस काळज्या क्रमवार लिहिलेल्या होत्या आणि मुठीएवढ्या भोकाला चव्वेचाळिसावा नंबर द्यावा असं तिला वाटलं नाही.

हे आधी सांगून ठेवलेलं बरं, की टिल्लूची आई निष्काळजी नव्हती. उलट, काळजीचं काही काम निघालं तर आजूबाजूच्या चार घरांनी तिच्यावर सोपवून निर्धास्त झोपावं अशी ती होती. टिल्लू झोपला की त्याचं पोट वरखाली होतंय ना हे ती बघायची. होतंय असं दिसलं की जरा जास्तच होतंय का, हे बघायची. कॉलेजात तिने संख्याशास्त्र घेतलं होतं. त्यामुळे तिची काळजी इतर आयांसारखी मोघम नसायची, तिचा आलेख असायचा.

आणि त्या सगळ्या आलेखांचा राजा म्हणजे टिल्लूचं वजन. साडेतीन वर्षांचा टिल्लू अकरा किलो चारशे ग्रॅमवर असा अडून बसला होता, की त्याच्याकडून संपावर बसलेल्या कामगारांनी धडे घ्यावेत. तोंडात घास घेतला की तो गालात ठेवायचा आणि मग तासभर तो गाल सांभाळत घरभर फिरायचा.

मुलांच्या डॉक्टरांनी शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दीड महिन्याने या. अर्धा किलो वाढलं तर ठीक. नाहीतर चार दिवस दवाखान्यात ठेवून सगळ्या तपासण्या करू. तोवर दोन गोष्टी करा. ह्याला मोकळ्या हवेत न्या. आणि तो जेवत असताना त्याच्याकडे बघू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे ताट समोर ठेवा, पाठ फिरवा, पंधरा मिनिटं. तुम्ही ज्या नजरेने बघता ना, त्या नजरेपुढे मलासुद्धा घास गिळता येणार नाही."

दवाखान्यात चार दिवस. सुया, नळ्या, आणि टिल्लूचा तो चिमणीएवढा दंड. घरी येईपर्यंत तिने ठरवून टाकलं. नवरा पुलांचा इंजिनिअर होता. त्याचे आराखडे लॅपटॉपवर कुठेही बसून होण्यासारखे होते. म्हणून हे फिरतं घर घेतलं, आणि ते तिच्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीच्या दारात नेऊन उभं करायचं ठरलं.

मैत्रीण जनावरांची डॉक्टर होती. त्यातही रानातल्या. एका तळ्याकाठी तिचं घर, घरामागे पिंजरे, आणि पिंजऱ्यांत पाय मोडलेला ससा, एका डोळ्याचं घुबड अशी रुग्णमंडळी. तिचा नवरा जवळच्या शाळेत शिकवायचा. त्याला सगळेच, अगदी बायकोसुद्धा, मास्तर म्हणायचे.

"आली का भागूबाई," डॉक्टरीण फाटकातूनच ओरडली. हॉस्टेलात पालीला घाबरून टिल्लूची आई कपाटावर चढली होती, तेव्हापासूनचं हे नाव. "किती घाबरलीस वाटेत?"

"फार नाही. सातच वेळा."

मोठ्या झाडाखाली कॅम्पर उभा राहिला. इंजिनिअरने चाकांखाली फळ्या सरकवून, पाणसळ लावून तो असा सपाट केला की चहाच्या कपातला चहासुद्धा कंटाळला असता. मग सगळे गप्प झाले आणि शांतता ऐकू येऊ लागली. तळ्यावर वारा, लांब कुठेतरी सुतारपक्ष्याची टकटक, बाकी काही नाही.

"शी, किती शांत आहे," टिल्लूची आई काळजीने म्हणाली.

तेवढ्यात झाडामागून एक कलहंस आला. कलहंस म्हणजे बदकाचा थोरला भाऊ: चाल तीच, रुबाब दुप्पट. छाती पुढे, मान ताठ, आणि हात पाठीमागे बांधल्यासारखे पंख. त्याने कॅम्परला एक फेरी मारली, चाकांखालच्या फळ्या तपासल्या, इंजिनिअरकडे एका डोळ्याने बघितलं आणि नापसंतीचा एक आवाज काढला.

"हा मुकादम," मास्तर म्हणाले. "काम कुणाचंही असो, देखरेख ह्याची."

मुकादमाची कथा डॉक्टरणीने चहाबरोबर सांगितली. हिवाळ्यात तळ्यावर उतरताना तो तारेला धडकला आणि त्याचा पंख मोडला. पंख जुळला, पण चार महिने बसून खाल्ल्यावर काय होतं ते कुठल्याही घरात विचारावं. "तीन किलो नऊशे झालाय. एवढ्या वजनाने उडणार नाही. त्याचा कळप अजून तळ्यावर आहे, चारपाच आठवड्यांत निघेल. तोवर हा तीन सातशेवर आला तर जाईल त्यांच्याबरोबर. नाहीतर पुढची वाट दाखवायला कुणी नाही. मग पिंजरा, जन्मभर."

"मग काय करतेस?"

"पथ्य. मोजून भिजवलेले गहू, चिरलेला पाला, किसलेलं गाजर, थोडे मटार. लोणी नाही, पाव नाही, गोड नाही." तिने वही दाखवली. तिचाही आलेख होता. टिल्लूच्या आईला हॉस्टेलनंतर पहिल्यांदाच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांचा हुकूम अमलात आला. जेवणाची वेळ झाली की कॅम्परच्या टेबलावर टिल्लूचं ताट लागायचं. लोणी घातलेला मऊ भात, साय घालून कुस्करलेलं केळं, दुधात भिजवलेला पाव. मग आई पंधरा मिनिटांचं घड्याळ लावायची आणि पाठ करून समोरच्या काचेतून झाडाकडे बघत बसायची. जन्मात तिने इतकं अवघड काम केलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिने त्या झाडाच्या एका फांदीवरची सगळी पानं मोजली.

आणि पाठीमागून आवाज आला. मचमच, मचमच. घट्ट, समाधानी, तोंडभर मचमच.

घड्याळ वाजलं. ती वळली. ताट लख्ख होतं.

"संपलं?" तिने विचारलं.

"संपलं," टिल्लू म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने नवऱ्याला हाक मारली, ताटाचा फोटो काढला, वहीत लिहिलं: भात आठ चमचे, केळं एक, पाव दीड. टिल्लू मात्र ताबडतोब खाली उतरला आणि गाडीखाली जाऊन घर-घर खेळू लागला. खिडकीतून त्याचे लाल मोज्यांतले दोन पाय दिसायचे. पाय दिसताहेत म्हणजे मूल जागेवर आहे, असा तिचा साधा हिशेब होता.

सोमवारी वजन करायचं ठरलं. डॉक्टरणीचा काटा फांदीला टांगलेला होता आणि त्याला कापडाची झोळी होती. आधी मुकादम बसला, मग झोळी झटकून, धुऊन, पुन्हा पुसून टिल्लू.

डॉक्टरणीने आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. टिल्लूच्या आईने आकडा वाचला आणि तिनेही पुन्हा वाचला.

चहाच्या वेळी दोघी पायऱ्यांवर बसल्या.

"कळत नाही गं," टिल्लूची आई म्हणाली. "ताट चाटून पुसून खातो. आणि तीस ग्रॅम कमी."

"माझं उलट," डॉक्टरीण म्हणाली. "तोंडापुढे पालाच ठेवते. आणि शंभर ग्रॅम जास्त."

"खातो आणि अंगी लागत नाही."

"खात नाही आणि अंगी लागतं."

"नशीब एकेकाचं."

"हो ना. चहा घे."

शेजारी बसून इंजिनिअर हे ऐकत होता. तो पूल बांधायचा, एका काठावरून दुसऱ्या काठावर जाणं हा त्याचा धंदा. पण त्याच्या डोक्यात एवढंच आलं की काटा बिघडला असेल. त्याने पाण्याच्या बाटल्या भरभरून टांगल्या आणि तासाभराने जाहीर केलं, "काटा एकदम बरोबर आहे." त्यामुळे दोघींची उरलीसुरली आशाही संपली.

मग दोघींनी कंबर कसली. टिल्लूच्या आईने लोणी दुप्पट केलं आणि भातात वरून साय घातली. डॉक्टरणीने गहू निम्मे केले. मुकादमाला आता चालणंही नको झालं होतं, दिवसभर तो कॅम्परखालच्या सावलीत बसून असायचा. "जड झालाय बिचारा," म्हणत डॉक्टरणीने त्याचा पत्र्याचा वाडगा कॅम्परच्या चाकाशेजारून उचलून थेट गाडीखालीच नेऊन ठेवला.

दुसऱ्या सोमवारी टिल्लू अकरा किलो दोनशेवर आला आणि मुकादम चार किलो दोनशेवर.

"तुझ्या पोराची दृष्ट काढायला हवी," डॉक्टरीण म्हणाली. ती शास्त्राची माणूस होती, पण हताश झाली होती.

"आणि तुझ्या हंसाचं रक्त तपासायला हवं," टिल्लूची आई म्हणाली.

रक्त तपासलं. चांगलं निघालं. टिल्लूला जंताचं औषध दिलं. जंत निघाले नाहीत. मग डॉक्टरणीच्या मनात जे आलं, ते नवऱ्याच्या मुळावर आलं.

"अहो मास्तर, खिसे दाखवा."

"काय म्हणून?"

"मुकादमाला कोण खाऊ घालतंय, ते मला कळलं पाहिजे. ह्या घरात मऊ काळजाचं माणूस एकच आहे. दाखवा खिसे."

खिशात खडू निघाले. तरीही बिस्किटांचा डबा कुलपात गेला, पावाच्या चकत्या मोजल्या जाऊ लागल्या आणि मास्तर जेवताना समोर बायको तपासनीस होऊन बसू लागली. "मी पाव खाल्ला हे सिद्ध करायला मी आता तोंड उघडून दाखवू का?" असं ते एकदा म्हणाले. ती म्हणाली, "दाखवा."

इकडे टिल्लूच्या आईची झोप उडाली होती. डोळे मिटले की दवाखान्याचा पलंग दिसायचा, जाळीचे कठडे असलेला. दिवस संपत चालले होते आणि ताटं लख्ख होत होती. एवढ्या लख्ख ताटांची भीती वाटलेली ती जगातली पहिलीच आई असावी.

बुधवारी दुपारी डॉक्टरणीने शेवटचा उपाय केला. शाळेच्या मधल्या सुट्टीत मास्तर घरी यायचे आणि वाकडी वाट करून कॅम्परच्या बाजूने जायचे, हे तिने हेरलं होतं. दुर्बीण घेऊन ती कुंपणाच्या झुडपात पोटावर झोपली. डोळ्यांसमोर कॅम्परचा तळ, तळाखाली मुकादम, मुकादमापुढे पाल्याचा वाडगा. मुकादम वाडग्याकडे पाठ करून बसला होता. मान वर, चोच उघडी, डोळे आभाळाकडे. म्हणजे आभाळाकडे नव्हे. कॅम्परच्या तळाकडे.

तळाला एक भोक होतं. त्यातून एक चमचा खाली आला.

चमच्यात लोणी घातलेला भात होता. मुकादमाने तो सभ्यपणे घेतला. मचमच. चमचा वर गेला. पुन्हा आला. साय घातलेलं केळं. मचमच, मचमच. असे चौदा चमचे डॉक्टरणीने मोजले. वर, समोरच्या काचेतून, टिल्लूच्या आईचा चेहरा दिसत होता. झाडाकडे बघत ती कृतार्थपणे तो आवाज ऐकत होती.

मग घड्याळ वाजलं. लाल मोजे पायऱ्या उतरले, रांगत गाडीखाली आले. मुकादम उठून बाजूला झाला, यजमानाने पाहुण्यासाठी पाट मोकळा करावा तसा. आणि गाजर दिसलं की किंचाळणाऱ्या, मटारला "हिरवे किडे" म्हणणाऱ्या त्या मुलाने पत्र्याचा वाडगा पुढे ओढला, आणि गहू, पाला, गाजर, मटार सगळं बकाबका खाल्लं. शेवटी वाडगा चाटला.

डॉक्टरीण कॅम्परच्या दारात आली तेव्हा तिच्या केसांत काटक्या होत्या.

"भागूबाई, तुझा मुलगा माझ्या पेशंटचं पथ्य खातो."

"काय?"

"आणि माझा पेशंट तुझ्या मुलाचा खुराक."

टेबलावर दोन वह्या शेजारी शेजारी उघडल्या गेल्या. ज्या दिवशी लोणी वाढलं त्या दिवशी मुकादम वाढला होता. ज्या दिवशी गहू निम्मे झाले त्या दिवशी टिल्लू उतरला होता. दोन्ही आलेख एकमेकांना असे चिकटले की जणू एकाच हाताने काढले होते. एकीला वजन वाढवायचं होतं, दुसरीला घटवायचं होतं. दोघींचेही उपाय शंभर टक्के यशस्वी झाले होते. पोटांची तेवढी अदलाबदल झाली होती.

"टिल्लू," आई आवाज चढू न देता म्हणाली, "तू त्याला का देतोस तुझं जेवण?"

"तो आ करतो," टिल्लू म्हणाला. ह्याहून वेगळं काय कारण असणार, असा त्याचा चेहरा होता.

"आणि त्याचं का खातोस?"

"तो नको म्हणतो. टाकायचं नसतं ना."

टाकायचं नसतं, हे आईनेच शिकवलेलं होतं. ती खाली बसली. मग एकदम उठली आणि मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, हंसाचं अन्न खाल्लं तर काही होतं का?"

"कुणी खाल्लं?"

"टिल्लूने."

"काय असतं त्यात?"

तिने सांगितलं.

"ताजं?"

"माझी मैत्रीण रोज स्वतः चिरते. पाण्यात धुऊन. हंस त्याला शिवतही नाही."

"किती दिवस खातोय?"

"दोन आठवडे."

"आवडीने?"

"वाडगा चाटून."

"माझ्या दवाखान्यातला एकही मुलगा पाला खात नाही हो," डॉक्टर शेवटी म्हणाले. "वाडगा कसला आहे?"

पेच मात्र सुटला नव्हता. त्या संध्याकाळी भोकावर पाट ठेवून पाहिला, तर टिल्लूने घास गालात ठेवला आणि मुकादम गाडीखालून पाटावर चोच आपटत राहिला. वाडगा घरात नेला, तर टिल्लू पायऱ्यांवर बसून राहिला आणि काहीच खाल्लं नाही. रात्रभर चौघांची परिषद चालणार असं दिसू लागलं, तेव्हा इंजिनिअर पहिल्यांदा कामाचं बोलला.

"वाहतूक थांबवायची कशाला? माल बदला."

"म्हणजे?"

"टिल्लू ताटातलं खाली देणार आणि वाडग्यातलं खाणार. बरोबर? मग पथ्य ताटात वाढा. आणि लोणीभात वाडग्यात."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि आपण हुशार माणसाशी लग्न केलंय हे तिला आज पुराव्यानिशी कळत होतं.

पण आपल्या पोटच्या गोळ्याचं जेवण गाडीखाली, पत्र्याच्या वाडग्यात वाढायचं, ह्याला काळीज लागतं. तिने वाडगा तीनदा उकळला. गाडीखालचं गवत झाडलं, त्यावर धुतलेली चादर अंथरली. वाडगा ठेवताना तिला वाटलं, सासूबाईंनी हे बघितलं तर काय म्हणतील. मग वाटलं, दवाखान्याच्या पलंगापेक्षा बरं. आणि ती आत जाऊन पाठ करून बसली.

पाठीमागे बराच वेळ मचमच झालीच नाही. मुकादमाने भोकातून आलेला पहिला चमचा तोंडात घेतला, थुंकला, आणि एका डोळ्याने भोकाकडे असं पाहिलं की खानावळीवाल्याने तिथेच माफी मागावी. मग तक्रारीचा एक लांबलचक आवाज.

"खा रे," टिल्लूचा आवाज आला. "शहाणा ना तू. हा घास चिऊचा."

शांतता.

"हा घास काऊचा. गालात नाही ठेवायचं."

शांतता.

"बरं, मी बघत नाही. हे बघ, पाठ केली."

काचेतून झाडाकडे बघत बसलेली आई आणि भोकाकडे पाठ करून बसलेला मुलगा, असे दोघे बसून राहिले. आणि मग खालून, अगदी नाइलाजाने, कोरडी अशी एक मचमच आली.

त्यानंतर गाडी रुळावर आली. डॉक्टरणीने व्यायामही सुरू केला. सकाळी टिल्लू पुढे पळायचा, त्याच्यामागे मुकादम, मुकादमामागे टिल्लूची आई, "हळू, पडशील" म्हणत. ती हे कुणाला म्हणायची कोण जाणे, टिल्लू आणि मुकादम दोघांनीही ते कधी मनावर घेतलं नाही. तळ्यापर्यंत जाऊन येईपर्यंत तिघांनाही सणसणून भूक लागायची.

पुढच्या सोमवारी टिल्लू अकरा चारशे. त्याच्या पुढच्या सोमवारी अकरा साडेसहाशे. मुकादम चार किलोवर आला आणि मग तीन आठशे पन्नासवर. सगळे खूश होते, एकटा इंजिनिअर सोडून. तो दोन्ही वह्या घेऊन बसला होता.

"पन्नास ग्रॅम जास्त आहेत," तो म्हणाला. "टिल्लूचा हिशेब जुळतो. मुकादमाचा जुळत नाही. ह्या खुराकावर तो तीन आठशेला हवा. बाहेरून काहीतरी येतंय."

सगळ्यांनी सावकाश मास्तरांकडे पाहिलं. गेल्या दोन आठवड्यांत त्यांची चार वेळा माफी मागून झाली होती. रविवारी तर बायकोने त्यांच्यासाठी खास गोड केलं होतं, आणि त्यांनीही मोठ्या मनाने ते स्वीकारलं होतं.

"रोज अर्धंच बिस्किट," मास्तर खडूच्या खिशात हात घालत म्हणाले. "त्यातलंही अर्धं मीच खातो."

कळप निघायचा दिवस डॉक्टरणीने आकाश बघून ओळखला. सकाळी तळ्यावर नुसता गलका चालला होता. मुकादम तीन किलो साडेसातशे भरला. "पन्नास जास्त आहेत," ती म्हणाली, "पण वारा चांगला आहे. आज नाही तर कधीच नाही."

काठावर सगळे उभे राहिले. कळप पाण्यावरून उठला, एक रांग, मग दुसरी. मुकादमाने मान वर करून पाहिलं, हात पाठीमागे बांधूनच. जणू उड्डाण नीट चाललंय ना हे बघायला तो आला होता, स्वतः जायचा त्याचा काही विचार नव्हता. डॉक्टरणीने ओठ चावला. वरची रांग तळ्यावर एक वळसा घेत होती. दुसरा वळसा झाला की ती जाणार.

तेव्हा टिल्लू पळत सुटला, रोज सकाळी पळायचा तसाच. सवयीने मुकादम त्याच्यामागे. त्या दोघांमागे टिल्लूची आई, आणि सवयीने तिच्याही तोंडात तेच, "हळू, पडशील." पण मुकादम ह्या वेळी हळू झाला नाही. त्याचे पंख उघडले, पाय जमिनीला लागेनासे झाले, टिल्लूच्या डोक्यावरून त्याची सावली गेली आणि तो वर, आणखी वर. थोडा डावीकडे कलला. सावरला. रांगेच्या अगदी शेवटी जाऊन लागला.

डॉक्टरीण रडत होती आणि मास्तर तिला रुमाल देत होते. रुमालातून बिस्किटाचा भुगा पडला, पण त्या क्षणी ती काही बोलली नाही.

टिल्लू आकाशाकडे बघत राहिला. तो रडेल म्हणून आईने आधीच गुडघे टेकून हात पसरले होते. तो रडला नाही. तो म्हणाला, "तिकडे त्याच्याकडे पाठ कोण करणार?"

दीड महिना पुरा झाल्यावर मुलांच्या डॉक्टरांनी टिल्लूला काट्यावर उभं केलं. अकरा किलो आठशे नव्वद. त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग टिल्लूला म्हणाले, "बूट घाल रे बाळा." बूट घातल्यावर नऊशेच्या वर आकडा गेला आणि तपासण्या रद्द झाल्या.

आता टिल्लू घरी, टेबलाखाली चादर टाकून, पत्र्याच्या वाडग्यात जेवतो. गाजर खातो, मटार खातो. त्याची एकच अट आहे. पहिला घास उचलून तो विचारतो, "मुकादम जेवला?" जेवला म्हटलं की घास तोंडात जातो. पहिले आठ दिवस आईने "जेवला" म्हणून वेळ निभावली. पण ती कशी आहे ते तुम्हाला आता ठाऊक झालंय. न बघता, न मोजता, कुठलीही नोंद नसताना "जेवला" म्हणायला तिची जीभ रेटेना. कुणास ठाऊक, नसेलही जेवला. रांगेत शेवटी आहे, इतरांनी आधीच संपवलं असेल. किंवा जास्त जेवला असेल, ते तर आणखी वाईट.

म्हणून टिल्लूच्या आईच्या वतीने वाचकांना एक विनंती. तुमच्या जवळपास तळं असेल, आणि तिथे कलहंसांचा कळप उतरला असेल, तर जरा चक्कर मारून या. डाव्या पायात डॉक्टरणीने घातलेलं पिवळं कडं आहे. हात पाठीमागे बांधून बाकीच्यांवर देखरेख करत असेल, म्हणजे तोच. काही खायला देऊ नका, नुसतं लांबून बघा: बरा आहे ना, चरतोय ना, पोट फार सुटलेलं नाही ना. जेवताना दिसला तर कृपा करून थोडी पाठ करा. आणि काय ते लवकर कळवा. इकडे घास हातात धरून एक जण थांबलाय.